‘ब्रेक’, ‘खाडा’ आणि प्रभूचा दिवस



रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा आम्ही मुलांना एक साधा प्रश्न विचारला. “काम करता करता माणूस थोडा वेळ थांबतो, त्याला काय म्हणतात?” हातात खडू घेऊन आम्ही फळ्यापाशी उभे राहिलो. उत्तरे भराभर आली. ब्रेक, रेस्ट, रिसेस, इंटरव्हल, टाइम-आउट, हॉलिडे, वीकएंड. एकाने ‘पॉवर नॅप’ असे सांगितले. तो शब्द त्याने ऑफिसात जाणाऱ्या आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकला होता. फळा भरला, पण त्यावर मराठी शब्द एकही नव्हता. “घरी आजी काय म्हणते?” असे विचारले तेव्हा कुठे विसावा, उसंत, डुलकी, पाठ टेकणे असे शब्द हळूहळू बाहेर आले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “टीचर, माझी आई रोज म्हणते, ‘जरा पाठ टेकते.’ पण ती टेकत नाही.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी येताना मात्र ते वाक्य मनातून जाईना. विश्रांतीसाठी इतके शब्द आपल्या तोंडी आहेत आणि ज्या बाईला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे तिच्या वाट्याला त्यातला एकही शब्द खरा होत नाही, हे कसे? आज प्रभूच्या दिवशी, मिस्सा आटोपून घरी जाताना आपण सर्वांनी मिळून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे वाटते.

आधी त्या इंग्रजी शब्दांकडेच पाहू. ते आता आपलेच झाले आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण शब्दाच्या पोटात एक विचार दडलेला असतो, तो ओळखलेला बरा.

‘ब्रेक’ म्हणजे मोडणे, तुटणे. काम ही मूळ अखंड वस्तू आणि विश्रांती म्हणजे तिला मध्येच पडलेली चीर, असे हा शब्द सुचवतो. इंग्रजीत गाडीच्या ब्रेकचे स्पेलिंग वेगळे आहे, पण आपण दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहितो. त्यामुळे चहाचा ब्रेक घेतानाही आपल्या मनात गाडीच असते. गाडी थांबवायची ती पुन्हा धावण्यासाठी. विश्रांती घ्यायची तीही पुन्हा कामाला जुंपण्यासाठी. महत्त्व गाडीच्या धावण्याला आणि थांबणे तेवढ्यापुरते. टीव्हीवर तर ‘छोटासा ब्रेक’ म्हणजे चार वस्तू विकण्याची वेळ.

‘लीव्ह’ या शब्दाचा जुना अर्थ परवानगी. आपला ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, त्याचाही मूळ अर्थ संमती. दोन दूरच्या भाषा, पण दोघींनीही एकच गोष्ट टिपली. कामकऱ्याचे थांबणे हे त्याच्या स्वतःच्या हाती नसते, ते दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीवर असते.

पण दुसऱ्या जातीचेही शब्द आहेत. ‘हॉलिडे’ म्हणजे मुळात ‘होली डे’, पवित्र दिवस. प्राध्यापकांना मिळणारी ‘सॅबॅटिकल’ रजा आपल्या पवित्र शास्त्रातल्या शब्बाथावरून आली. लेवीय ग्रंथात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिलाही विसावा द्यावा असे सांगितले आहे (लेवीय २५:४), ते सातवे वर्ष या शब्दामागे आहे. स्पॅनिश भाषेतून इंग्रजीत आलेला ‘सिएस्टा’, म्हणजे आपली वामकुक्षी, हा लॅटिनमधल्या ‘सहावा तास’ या शब्दापासून बनला. सहावा तास म्हणजे दुपारचे बारा, मठातल्या मध्यान्ह प्रार्थनेची वेळ. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जे नियम लिहिले त्यात, उन्हाळ्याच्या दिवसांत मध्यान्हीची प्रार्थना आणि जेवण झाल्यावर बंधूंनी आपापल्या बिछान्यावर शांतपणे पडावे, असे सांगितले आहे. ज्याला वाचायचे असेल त्याने खुशाल वाचावे, पण शेजाऱ्याला त्रास होणार नाही अशा बेताने, असेही ते पुढे म्हणतात. ही शेवटची अट आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिची गरज पडणार आहे.

‘व्हेकेशन’ हा शब्द रिकामे होणे, मोकळे होणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. शेहेचाळिसाव्या स्तोत्रात देव माणसांना शांत होऊन त्याला ओळखण्यास सांगतो, तिथे जुन्या लॅटिन बायबलमध्ये हेच क्रियापद वापरले आहे. आणि ‘ब्रीदर’, म्हणजे श्वास घेण्यापुरती उसंत, हिचेही नाते पवित्र शास्त्राशी जुळते. दासीच्या मुलाला आणि परक्यालाही सातव्या दिवशी विसावा मिळावा असे निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे (निर्गम २३:१२). तिथला हिब्रू शब्द ज्या धातूपासून बनला त्याचा संबंध श्वासाशी आणि जिवाशी आहे. तोच शब्द पुढे देवासाठीही वापरला आहे (निर्गम ३१:१७). दासीचा मुलगा आणि विश्वाचा निर्माता या दोघांच्या दम घेण्याला पवित्र शास्त्राने एकच शब्द दिला, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

म्हणजे आपल्यासमोर विश्रांतीचे तीन विचार उभे राहतात. एक, विश्रांती ही कामाची मजुरी आहे. आधी राबा, मग थांबा. दोन, ती मालकाची मेहेरबानी आहे. मागा, मिळाली तर घ्या. तीन, ती देवाची देणगी आहे. यातला कोणता विचार खरा? आणि देणगी असेल तर ती एकट्याने ठेवून घेता येते का?

पवित्र शास्त्रात रजेचा एक जुना अर्ज आहे. मोशे आणि अहरोन हे फारो राजापुढे उभे राहतात आणि रानात तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन देवाची उपासना करण्यासाठी आपल्या लोकांना मोकळीक मागतात (निर्गम ५). फारोचे उत्तर आजच्या कुठल्याही कारखान्यात ऐकू येईल असे आहे. लोकांना कामावरून का काढता? तुम्ही त्यांचे काम थांबवता. इथे फारोच्या तोंडी जे क्रियापद आहे ते शब्बाथ या शब्दाच्याच धातूचे आहे. फारो नकळत बोलून गेला आणि देवाने पुढे त्याच धातूतून आपल्या दिवसाला नाव दिले. फारोने काय केले तेही आठवा. विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली आणि वर हे लोक आळशी झाले आहेत असा शेरा मारला. जो दुसऱ्याला राबवतो त्याला दुसऱ्याची विश्रांती नेहमी आळसच वाटते. हा फारो मिसरातच राहिला असे मात्र कुणी समजू नये.

म्हणूनच अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा देताना देव त्याचे कारण सांगतो, की तुम्हीही मिसरात दास होता आणि मी तुम्हाला सोडवले (अनुवाद ५:१५). इथे आपली मराठी मदतीला येते. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’पासून आला. सुटका आणि सुट्टी या सख्ख्या बहिणी आहेत. बांधलेला माणूस सुटला त्याची आठवण म्हणजे सुट्टी. इस्राएलाचा शब्बाथ हा अगदी याच अर्थाने सुट्टीचा दिवस होता.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे वळलो तर आणखी एक गोष्ट दिसते. देवाने माणसाला सहाव्या दिवशी निर्माण केले. म्हणजे माणसाच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस कोणता? सातवा, विश्रांतीचा. त्याने अजून एक झाडही लावले नव्हते, एक वाफाही खणला नव्हता. काहीही न कमावता त्याला विसावा मिळाला आणि मग तो कामाला लागला. ख्रिस्तसभेनेही हाच क्रम ठेवला. आपण सर्रास ‘वीकएंड’ म्हणतो, पण आपल्या श्रद्धेनुसार रविवार हा आठवड्याचा शेवट नसून पहिला दिवस आहे, प्रभू उठला तो दिवस. आपण आठवड्याची सुरुवात कामाने करत नाही, कृपेने करतो. विश्रांती ही मजुरी असती तर ती शनिवारी संध्याकाळी पगाराबरोबर मिळाली असती. ती पहिल्या दिवशी मिळते, म्हणजे ती देणगी आहे.

इथे कुणीतरी विचारील, आणि विचारायलाही हवे, “मग आळसाला मोकळे रानच दिले की!” हा आक्षेप खरा आहे. त्याच आज्ञेत सहा दिवस काम करण्यास सांगितले आहे. नीतिसूत्रांचा कर्ता आळशी माणसाला मुंगीकडे धाडतो. काम करण्याची इच्छाच नसेल त्याने खाऊही नये, असे संत पौल थेस्सलनीकाकरांना बजावतात. तेव्हा विसावा आणि आळस यांतला फरक ओळखायचा कसा? दोघांतही माणूस आडवाच पडलेला दिसतो.

आम्हाला एक खूण सापडली ती अशी. आळशी माणूस आपल्या डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. विसावा घेणारा माणूस ओझे जमिनीवर ठेवतो. आळसात काम तेवढेच राहते, फक्त ते करणारे हात बदलतात. विसाव्यात काम खरोखरच थांबते, माझ्यासाठी आणि माझ्याबरोबरच्यांसाठीही. संत बेनेडिक्ट यांची अट हेच सांगते, की तुझ्यामुळे शेजाऱ्याचा विसावा मोडू नये.

ही खूण हाती आली तेव्हा आम्हाला बरे वाटले. पण ती आपल्याच रविवारला लावून पाहिली तेव्हा मान खाली गेली. रविवारी सकाळी मिस्सा होते. मग आपण घरी येतो, पेपर घेऊन खुर्चीत बसतो आणि म्हणतो, “आज आराम.” त्याच वेळी आपल्या स्वयंपाकघरात काय चालते? इतर दिवशी भाजी-पोळी असते, रविवारी मटण. इतर दिवशी चार माणसे जेवतात, रविवारी पाहुणे धरून आठ. वाटण वाटायचे, भाकऱ्या भाजायच्या, भांडी दुप्पट. घरातल्या बाईचा सर्वांत कष्टाचा दिवस तो आपला विश्रांतीचा दिवस! वरची खूण लावली तर या आरामाला विसावा म्हणता येत नाही. त्याला दुसरा शब्द आहे आणि तो आपल्याला आवडणार नाही.

निर्गमाच्या विसाव्या अध्यायात सातव्या दिवशी कुणी काम करू नये याची यादी आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या गावात राहणारा परका. या यादीत पत्नीचे नाव वेगळे नाही. ‘तू’ म्हणताना पती-पत्नी दोघेही आले, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण आपल्या घरांनी त्याचा सोयीचा अर्थ लावलेला दिसतो. यादीत बैलसुद्धा आहे, बायको मात्र नाही, असा!

मार्था आणि मरिया यांचा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो (लूक १०:३८-४२). प्रवचनानंतर बायका एकमेकींना हळूच म्हणतात, “मार्था स्वयंपाकघरात नसती तर जेवले असते काय?” या कुरकुरीत तथ्य आहे. मार्थेची तक्रार ही होती, की मी एकटीच राबते. प्रभूने तिला जवळ बसण्याचे आमंत्रण दिले. त्या आमंत्रणाचा मान राखायचा असेल तर घरातल्या बाकीच्यांनी उठून भांड्याला हात लावला पाहिजे. एक पदार्थ कमी केला, सगळ्यांनी मिळून अर्धा तास काम केले, तर मार्था आणि मरिया दोघींनाही प्रभूच्या पायाशी बसता येईल.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगतो. आमच्या घरी बरीच वर्षे एक मावशी धुण्या-भांड्याला येतात. जवळच्या आदिवासी पाड्यावर राहतात. सकाळी सात वाजता येतात, आठवड्याचे सातही दिवस. एका रविवारी आम्ही मिस्साला निघण्याच्या घाईत होतो. दारातच मावशींनी विचारले, “ताई, पुढच्या रविवारी नाही आले तर खाडा धराल का?” आम्ही चपला घालता घालता म्हणालो, “बघू नंतर,” आणि चर्चच्या घंटेच्या दिशेने चालू लागलो.

खाडा! मिस्साभर तो शब्द कानात होता. आपण थांबलो तर ती सुट्टी. साहेब थांबला तर ती लीव्ह. मावशी थांबल्या तर खाडा, म्हणजे पैसे कापण्याची खूण. एकाच विसाव्याला आपल्या भाषेत दोन नावे आहेत आणि ती माणसाच्या ऐपतीवरून ठरतात. दासी आणि परका यांचा उल्लेख असलेली आज्ञा लहानपणापासून तोंडपाठ आणि ती आज्ञा पाळण्यासाठी घरातून निघताना दारातच आम्ही ती मोडली होती.

मान्नाची गोष्ट तेव्हा वेगळ्या रीतीने समजली. रानात इस्राएल लोकांना रोज त्या दिवसापुरतेच अन्न मिळत असे. उद्यासाठी ठेवले तर ते नासे. मग शब्बाथ पाळायचा कसा? देवाने त्यांना नुसते थांबा असे सांगितले नाही. सहाव्या दिवशी त्याने दुप्पट मान्ना दिला (निर्गम १६:२२). म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर ती पगारी सुट्टी होती. रोजंदारीवर जगणाऱ्याला पैसे कापून सुट्टी देणे म्हणजे त्याला विश्रांती देणे नव्हे, उपवास घडवणे आहे. विसावा देणाऱ्याने भाकरही दिली पाहिजे. देवाने तसेच केले.

या बाबतीत आपल्या मुंबईचा इतिहास आपण विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापड गिरण्यांत मजूर उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण गिरणीच्या मजुराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या साध्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. दुपारचा तो अर्धा तास म्हणजे आज ज्याला आपण सहज ‘लंच ब्रेक’ म्हणतो तो. त्यासाठी माणसांना सह्या आणि अंगठे द्यावे लागले. १८९० च्या एप्रिल महिन्यात सुमारे दहा हजार मजुरांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तेव्हा, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मजुराच्या शरीराला आणि आत्म्याला विश्रांती मिळालीच पाहिजे, आणि ही विश्रांती म्हणजे रिकामटेकडेपणा नसून देवाकडे वळण्याची मोकळीक आहे, असे त्यात निक्षून सांगितले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण सांगितली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. रविवार मजुरांना प्रिय होता तो खंडोबाचा वार म्हणून. तरीही शब्बाथाच्या आज्ञेतला दासदासींचा भाग त्यांनी मुंबईत अमलात आणला. ज्यांना ती आज्ञा पाठ होती त्यांच्यातले पुष्कळजण तेव्हा गप्प होते. ही गोष्ट आपण नम्रपणे मान्य केली पाहिजे.

गिरण्यांचे भोंगे आता थांबले. पण रविवारी न थांबणारे हात आजही आहेत. इमारतीचा वॉचमन, मोटारसायकलवरून आपले जेवण घेऊन येणारा मुलगा, मॉलमध्ये दिवसभर उभी असलेली आपल्याच धर्मग्रामातली मुलगी. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी एक करार संमत केला. त्यात आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती हा त्यांचा हक्क मानला आहे. जी गोष्ट सिनायच्या डोंगरावर सांगितली गेली ती जगाच्या कागदावर यायला इतका काळ लागला, आणि आमच्या दारापर्यंत यायला त्याहून अधिक.

याचा अर्थ रविवारी सर्व काही बंद ठेवावे असा नाही. इस्पितळातली परिचारिका, रेल्वेचा मोटरमन, विजेच्या तारेवर चढणारा कामगार यांचे काम थांबू शकत नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूनेच सांगितले आहे. विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशी कोण वर काढणार नाही, असे त्याने विचारले होते (लूक १४:५). पण बैल विहिरीत पडणे वेगळे आणि आपल्याला घरबसल्या बिर्याणी खाविशी वाटणे वेगळे. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम याबाबत स्पष्ट आहे. ज्यामुळे दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या आपण करू नयेत, असे तो सांगतो. आणि गरिबीमुळे ज्यांना विश्रांती घेताच येत नाही त्यांची आठवण ठेवण्यासही सांगतो. ‘अनावश्यक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ते कोणते, हे प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारायचे.

प्रभू येशूच्या जीवनातही थकवा होता. वादळात तो होडीत उशीवर डोके ठेवून झोपला होता. शिष्य गावोगावी फिरून परत आले तेव्हा माणसांची एवढी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले (मार्क ६:३१). आधी आणखी काम करा, मग बघू, असे तो म्हणाला नाही. पुढे काय झाले तेही वाचण्यासारखे आहे. होडी किनाऱ्याला लागली तर तिथे लोक आधीच येऊन थांबलेले. प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. शिष्यांचा विसावा त्या होडीतल्या प्रवासापुरताच झाला. म्हणजे विसाव्याचीही मूर्ती करून पुजायची नाही. समोर दुःखी माणूस उभा असेल तर तो बाजूला ठेवता आला पाहिजे. फक्त तो आपला स्वतःचा बाजूला ठेवायचा असतो, दुसऱ्याचा नव्हे.

आणि एलिया संदेष्ट्याला कसे विसरता येईल? जीव नकोसा होऊन तो रानात एका झुडपाखाली पडला होता आणि देवाकडे मरण मागत होता (१ राजे १९). देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. तो खाऊन पुन्हा झोपला, तर त्यालाही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा खाऊ घातले आणि मग वाट पुढे किती आहे ते सांगितले. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि अन्न हवे असते, हे देवाला ठाऊक आहे. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात अशी खचलेली माणसे आहेत. त्यांना आपण पहिल्यांदा काय देतो?

वाचकहो, आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगून हे लिखाण संपवतो. आता मावशी रविवारी येत नाहीत आणि त्याचे पैसेही कापत नाही. हे सांगताना मोठेपणा मिरवण्यासारखे काही नाही. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत मोरीत भांडी साचली आणि कुणी घासायची यावरून घरात वाद झाला. आता पाळ्या लावल्या आहेत, त्या निम्म्या वेळा चुकतात. मध्यंतरी घरात लग्न होते तेव्हा आम्ही मावशींना एका रविवारी बोलावलेच. त्या आल्याही. बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण आमच्या मनाला ते लागून राहिले. जुनी सवय एका दिवसात जात नाही. फारो मिसरात राहत नाही असे वर म्हटले, ते अनुभवाने म्हटले.

एका रविवारी मात्र मिस्साहून येताना त्या आम्हाला रस्त्यात भेटल्या. नातवाचा हात धरून आठवड्याच्या बाजाराला निघाल्या होत्या, घाई नव्हती. आम्ही विचारले, “मावशी, कुठे निघालात?” त्या हसून म्हणाल्या, “कुठं नाय, ताई. आज सुट्टी हाय.” त्यांच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्थानात जातो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांना सार्वकालिक विश्रांती मिळावी म्हणून प्रार्थना करतो. ती प्रार्थना आपण करत राहू. पण ज्या आईसाठी, ज्या कामकऱ्यासाठी आपण उद्या चिरविश्रांती मागणार आहोत, त्यांना आज जिवंतपणी एका दुपारचा विसावा देणे आपल्या हातात आहे. तो देण्यासाठी कुणाची रजा काढावी लागत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करू या. आई ‘जरा पाठ टेकते’ म्हणाली, की आपण उठू आणि तिला खरोखर टेकू देऊ. कष्टी आणि भाराक्रांत जनांना आपल्याकडे बोलावणारा प्रभू त्या वेळी आपल्या घरात असेल, याविषयी आम्हाला शंका नाही.